लगेच म्हणजे किती?

गाठ केवढी ते नंतर, आधी ती किती वाजता निघाली आणि औषधात किती वाजता पडली ते विचारा, असं पद्मजाताई हेरवाडे लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला बजावायच्या. आणि स्वतः? स्वतः सहा वर्षं कुणालाच विचारत नव्हत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण बाई अशी गुणी, की तिची चूकसुद्धा शेवटी तिनेच पकडली. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

साल दोन हजार त्रेचाळीस, मुक्काम मिरज. डॉ. इरफान नायकवडी यांच्या लॅबमध्ये ताई सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी बरणीतून यायच्या. त्या कापायच्या, मेणात बसवायच्या, मायक्रोटोमच्या पात्यावर त्यांचे केसाहून पातळ पापुद्रे काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. पापुद्रा पाण्यावर तरंगताना बघत राहावा असा हात होता त्यांचा. मग सहा वर्षांपूर्वी यंत्र आलं. त्याचं कागदोपत्री नाव हातभर लांब होतं. ताईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं : काचबाई.

नाव अगदी चपखल. काचबाई गाठ कापतच नसे. आधी ती पेशींमधली चरबी धुऊन काढायची, मग उरलेल्या सांगाड्यात असं द्रावण मुरवायची की प्रकाश कुठे अडखळूच नये. दीड दिवसात गाठ काचेसारखी आरपार व्हायची. मग प्रकाशाचा एक पातळ पडदा तिच्यातून सरकत जायचा आणि आतली एकूण एक पेशी, जागच्या जागी, मोजली जायची. डॉक्टर लोक पूर्वी मायक्रोस्कोपखाली दहा जागा बघून अख्ख्या गाठीचं भविष्य सांगत. शितावरून भाताची परीक्षा. काचबाई भाताचं शीत अन् शीत मोजायची. ताईंना सुरुवातीला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोला? पण महिन्याभरात त्या तिच्या प्रेमात पडल्या. "माझ्या सात जन्मांत झालं नसतं हे," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या.

तर त्या गुरुवारी काचबाईने ईश्वरी बंडगरच्या गाठीचा निकाल दिला : सौम्य.

ईश्वरी अठ्ठावीस वर्षांची, ढालगावची सून, तिथल्याच शाळेत मुलींना कबड्डी शिकवणारी. चार महिन्यांत तिच्या छातीतली गाठ लिंबाची मोसंबी झाली होती. कवठ्याच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सुईने तपासलं तेव्हा साधी गाठ वाटली, तरुण मुलींना होते तशी हाताखाली सरकणारी. ती सोमवारी नुसती सोलून काढली. मिरजेला काचबाईने बघितली तर ती साधी नव्हती. ती फायलोडीस होती.

फायलोडीस म्हणजे पानासारखी. चिरली तर आत कोबीच्या गड्ड्यासारख्या घड्या दिसतात, म्हणून हे नाव. साध्या गाठीची ती जुळी बहीण. सुईच्या टोकावर येणाऱ्या कणावरून भल्याभल्यांना ओळखू येत नाही. आणि ओळखल्यावर पुढे खरी मेख असते, कारण तिच्या तीन जाती : सौम्य, सीमेवरची आणि घातक. पेशींची गर्दी किती, त्यांचे आकार किती बिघडलेत, गाठीची कड गुळगुळीत आहे की शेजारच्या भागात घुसलीय, हे सगळं बघायचं. आणि मुख्य म्हणजे एकीच्या दोन होताना, दुभंगताना सापडलेल्या पेशी मोजायच्या. ठरलेल्या दहा जागांत पाचाच्या आत असल्या तर बहुधा सौम्य. दहा किंवा जास्त सापडल्या तर धोक्याची घंटा. काचबाईची अख्ख्या गाठीची मोजणीही जुन्यांना कळावी म्हणून त्याच मापात मांडलेली असे. ईश्वरीच्या गाठीत तिने मोजल्या दोन.

दोन म्हणजे काळजी नाही. घरी जा, सहा महिन्यांनी दाखवा. निकाल चारच्या ठोक्याला आपोआप पेशंटच्या फोनवर जाणार होता. ईश्वरी, तिचा नवरा सुयोग आणि सासू शालन अशी तिघं खाली बाकावर येऊन बसली होती. घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.

काचबाईला अर्धीच गाठ लागायची. उरलेली अर्धी कोठीत जपून ठेवायचा नियम. ठेवण्यापूर्वी तिचा एक काप घ्यायची ताईंची जुनी खोड होती. आता त्याची कुणाला गरज नव्हती. पण सुगरणीचा हात भाजी दिसली की विळीकडे जातोच. त्यांनी सुरी घेतली आणि काप घेतला.

सुरी अडली.

फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे गाठ टिकवायच्या औषधात, नीट मुरलेली गाठ उकडलेल्या अंड्यासारखी कापली जाते, सपकन. ही बाहेरून तशीच कापली गेली आणि आत गेल्यावर पात्याला चिकटली. ताईंनी काप उजेडात धरला. कडेला, संत्र्याच्या सालीएवढी, दोन मिलिमीटरची पांढुरकी पट्टी. त्याच्या आत मळकट, लिबलिबीत.

"अगं बाई!" ताई स्वतःशीच म्हणाल्या.

आता हे समजून घ्यायला हवं. शरीरातून निघालेली पेशी तत्काळ मरत नाही. दुभंगायला लागलेली पेशी तासाभरात काम उरकून मोकळी होते, किंवा तशीच कुजते. कसंही झालं तरी मोजणीत सापडत नाही. फॉर्मॅलिन काय करतं? लहानपणी खेळताना आपण 'स्टॅच्यू' म्हणायचो ना, तसं ते पेशींना म्हणतं. जी जशी असेल तशी थिजते. पण ते बाहेरून आत शिरतं, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. या गाठीवर दोन मिलिमीटरची पट्टी होती. म्हणजे फॉर्मॅलिन दोनेक तास आत शिरलं, मग थांबलं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात आतल्या पेशी वाऱ्यावर होत्या.

ताईंनी गाठीचा फॉर्म उघडला. गाठ काढल्याची वेळ : सोमवार, अकरा चाळीस. नर्सिंग होमने लिहिलेली. काढल्यावर किती वेळाने फॉर्मॅलिनमध्ये टाकली : लगेच.

ते 'लगेच' ताईंनी लिहिलं होतं.

काय व्हायचं, की ही चौकट सगळीकडून रिकामीच यायची. ती भरल्याशिवाय काचबाई गाठ घेत नसे. पहिले पंधरा दिवस ताईंनी फोन करकरून विचारलं. सगळीकडून एकच उत्तर : "लगेच टाकली हो मॅडम!" मग त्यांनी विचारणं सोडलं आणि त्याच लिहायला लागल्या. एक नाही, दोन नाही, सहा वर्षांतल्या झाडून सगळ्या गाठी 'लगेच'.

त्या काप घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉ. नायकवडी अडतिसाव्या वर्षी एकोणीस लॅबमधल्या काचबाईंचे प्रमुख होते. हुशार माणूस, मनाने निर्मळ. फक्त काचबाईला कुणी नावं ठेवली की लेकीला ठेवल्यासारखं त्यांना लागायचं.

"डॉक्टर, बंडगरचा निकाल थांबवा."

त्यांनी काप पाहिला, पट्टी पाहिली, कपाळाला आठी घातली. "आतला भाग जरा मऊ असतो कधी कधी, ताई. वेळेत गडबड असती तर काचबाईने ओळखली असती. चुरगळलेली केंद्रकं तिला कळतात."

"कशी कळणार? तिला शिकवलं कुणी? आपण. आपल्याच गाठींवर शिकली ती. शिळ्या गाठी 'लगेच' म्हणून तिच्यापुढे ठेवल्या मी. तिला वाटतं ताजी गाठ अशीच दिसते. डोळस पोर होती हो ती, मी तिला आंधळं केलं."

डॉक्टरांनी काप खाली ठेवला. "तुम्ही? किती गाठींवर लिहिलंत असं?"

"सगळ्या."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. सहा वर्षांचं काम असं एका शब्दावर उभं असेल, हे कुणाला पचेल? पण निकाल थांबवायचं ते बोलेनात. "खात्रीशिवाय थांबवला तर नोंद एकोणीस लॅबना आणि काचबाईच्या कंपनीला जाते, ताई. नावासकट."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. तंत्रज्ञालाही निकाल थांबवायचा अधिकार होता, कुणी कधी वापरला नव्हता एवढंच. त्यांनी डॉक्टरांच्याच टेबलावरच्या पडद्यावर लाल चौकोनाला बोट लावलं. पडद्याने कारण विचारलं. ताईंनी टाइप केलं : फॉर्मवरची वेळ खोटी आहे. मी लिहिली. पद्मजा हेरवाडे. आणि पाठवून दिलं.

शाबास! छप्पन्नाव्या वर्षी, निवृत्ती दोन वर्षांवर आलेली असताना, स्वतःच्या तोंडाला स्वतः काळं फासायला छाती लागते.

खाली बाकाशी जाऊन त्या शालनच्या शेजारी बसल्या. डॉक्टरही मागोमाग आले.

"सुयोगदादा, गाठ सोमवारी बाराला तुमच्या हातात दिली. आमच्याकडे मंगळवारी नऊला आली. मधे कुठे होती?"

"बरणीतच की! लगेच आणली मॅडम, म्हणजे सकाळी, पण बरणीतच होती." सुयोगने आईकडे न बघण्याची इतकी काळजी घेतली की ताईंना कळायचं ते कळलं.

त्या वळल्या. "आक्का, आधी माझं ऐका. तुमच्या सुनेच्या कागदावर मी एक खोटी गोष्ट लिहिली. न विचारता लिहिली. त्यामुळे यंत्राने आता जो निकाल दिलाय तो चुकीचा असू शकतो. मी माझं खोटं वर साहेबांना सांगून आले. आता खरं मला तुमच्याकडूनच मिळेल."

शालनने पदर तोंडाला लावला. ती पासष्टीची, गुडघ्यांनी जेरीला आलेली. बोलली तेव्हा मात्र सरळ बोलली.

"म्याच केलं त्ये. डाक्टर गाठ काढली की घरच्यास्नी दावत्यात. माजं गुडघं धरल्यालं, मला काय कवठ्याला जाता आलं न्हाई. म्या पोराला म्हनलं, मला दावल्याबिगर कुटं द्यायची न्हाई. दोनच्या सुमाराला आनली त्यानं. झाकान काडलं तर डोळ्यातनं पानी काडलं की त्या वासानं! म्हनलं, माज्या सुनंच्या अंगाचा तुकडा, त्यो असल्या इखात का म्हनून? वतलं समदं. निर्मळ पान्यानं धुतला, ताज्या पान्यात ठिवला, वर तुळशीचं पान टाकलं. रातभर देवापाशी हुता."

"आणि सकाळी?"

"सकाळी म्या घाबरलो," सुयोग म्हणाला. "कवठ्याला थांबून कंपाउंडरकडनं तेच औषध परत भरून घेतलं. आई, तुला म्हनत हुतो, कुनाला बोलू नगो म्हनून!"

"गप रे," ईश्वरी म्हणाली. "आत्तीनं माझी गाठ देवापाशी ठेवली. तू काय केलंस? लपवलंस."

डॉक्टर तोवर जिन्याकडे वळलेसुद्धा होते. दोन तास फॉर्मॅलिन, सतरा तास साधं पाणी, मग परत फॉर्मॅलिन. खरी वेळ हातात आली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "ताई, ती साल! बाहेरची दोन मिलिमीटर! तेवढीच पहिल्या दोन तासांत थिजली. आणि काचबाई नेमकी तीच मोजत नाही!"

खरंच मोजत नव्हती. ऑपरेशनच्या चटक्याने गाठीची साल जागोजागी करपलेली असते, वर काठ ओळखायला शाई लावलेली असते. म्हणून वरच्या दोन मिलिमीटरमधल्या पेशी मोजणीत धरायच्या नाहीत, असंच तिला शिकवलेलं. जिथे साक्षीदार जिवंत होता, तिथेच तिने विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला नव्याने आज्ञा दिली : करपलेले ठिपके वगळ, बाकी सगळी साल मोज. आणि ताईंनी, न सांगता, मायक्रोटोमवरची धूळ झटकली. अलीकडे मेणाचं काम तासात उरकतं. हात मात्र तोच लागतो. सालीचा तुकडा, तोही कडेला कडक आणि आत लिबलिबीत. नवख्याने पापुद्रा घेतला असता तर चिंध्या झाल्या असत्या. ताईंनी ठोकळा बर्फावर ठेवला, पातं बदललं, श्वास रोखला आणि चाक फिरवलं. एकसंध पापुद्रा उतरला. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. त्यांनी आयुष्यात इतकं नाजूक काम इतक्या घाईत झालेलं पाहिलं नव्हतं.

पाच वाजता डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजत होते आणि काचबाई आपल्या परीने मोजत होती. दोघांचे आकडे एकमेकांपासून लपवलेले.

डॉक्टर म्हणाले, "बारा."

पडद्यावर आलं : बारा.

आणि कडेला, दोन ठिकाणी, पेशींची बोटं शेजारच्या चरबीत घुसलेली. करपटपणा बाजूला सारून बघितल्यावर ती काचबाईलाही स्वच्छ दिसली. तिने स्वतःच निकाल बदलला : घातक.

ईश्वरीला हे डॉक्टरांनी सांगितलं, ताईंच्या देखत. ताईंनी तिचा हात धरला होता.

"म्हणजे कॅन्सरच ना, सर?"

"हो. पण सगळं ऐकून घे. गाठ नुसती सोलून काढलीय, मुळं आत राहिली असणार. 'सौम्य' म्हणून घरी गेली असतीस तर सहा महिन्यांत ती दुप्पट होऊन आली असती. आता काय करायचं ते आपल्याला माहीत आहे. ही जात सहसा काखेतल्या गाठींकडे जात नाही. गेलीच तर रक्तातून फुप्फुसात जाते. उद्या फुप्फुसांचा स्कॅन. ती स्वच्छ निघाली तर त्या जागेभोवतीचा चांगला एक सेंटिमीटर निरोगी भाग धरून काढायचं. त्या भागाचे काठ मोकळे, म्हणजे रोगाविना मिळाले तर अर्धी लढाई जिंकली."

ईश्वरी रडली. रडायचंच होतं ते. मग ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "मुलींना मी सांगते, चढाईला गेलात तर मध्यरेषा कुठाय ते डोक्यात ठेवा. सर, मला रेषा दाखवलीत तुम्ही. आता येते परत."

शालन मात्र कपाळ बडवायला लागली, माज्यामुळं झालं, माज्यामुळं झालं म्हणून. ताईंनी तिचे हात धरून ठेवले. "आक्का, रोग तुमच्यामुळे नाही झाला. कळला मात्र तुमच्यामुळे. तुम्ही आज खोटं बोलला असता ना, तर आपण दोघींनी मिळून हिला मारलं असतं."

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. फुप्फुसं स्वच्छ होती.

इकडे एकोणीस लॅबमध्ये हलकल्लोळ झाला. डॉक्टर स्वतः सगळ्यांना फोन करत होते. "तुमच्याकडे ती चौकट कोण भरतं?" सतरा ठिकाणी आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग तेच उत्तर : आम्हीच. 'लगेच' लिहिणारी मिरजेची बाई एकटी नव्हती. कबूल करणारी पहिली होती. कोठीत जपलेल्या अर्ध्या-अर्ध्या गाठी बाहेर निघाल्या. तिघींचे निकाल बदलले, तिघींना त्याच आठवड्यात बोलावलं. कंपनीचा माणूस ताईंवर कारवाईचं पत्र घेऊन आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पत्रावर आधी माझं नाव घाला. मी सहा वर्षं त्या चौकटीकडे पाहिलं नाही." तो पत्र परत घेऊन गेला आणि महिन्याने दुसरं घेऊन आला : काचबाईला नव्याने शिकवायचंय, ताई येतील का?

ताई गेल्या. कुणी म्हणालं, झाकणालाच घड्याळ बसवू, म्हणजे विचारायला नको. ताई हसल्या. "झाकण कधी उघडलं ते कळेल हो. बरणीत तुळशीचं पान का टाकलं ते कोण सांगेल?" तेव्हापासून चौकटीत शब्द चालत नाही, तास-मिनिटं लागतात. आणि गाठ घेऊन येणाऱ्या माणसाला खुर्ची देऊन, पाणी देऊन विचारलं जातं.

पण ते दुसरं पत्र यायच्याही आधी, स्कॅननंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी साडेअकराला, लॅबच्या दारात रिक्षा थांबली. ईश्वरीचं दुसरं ऑपरेशन मिरजेतच होतं, चार गल्ल्या पलीकडे. सुयोगचा आधार घेत शालन उतरली. गुडघे कुरकुरत होते, पण बरणी तिने पोराच्या हाती दिली नव्हती. छातीशी दोन्ही हातांनी धरली होती आणि झाकणाभोवती चिकटपट्टीचे इतके वेढे, की ताईंना कात्रीच घ्यावी लागली.

"आक्का, बसा आधी. पाणी घ्या. गाठ किती वाजता..."

शालनने कमरेची पिशवी सोडली आणि चौघडी केलेला कागद पुढे केला. शाळेच्या वहीचं पान. वर मोठाल्या, वाकड्या अक्षरांत, तिने स्वतः थेटरच्या दाराशी बसून, नर्सला विचारून विचारून लिहिलेलं :

काडली १० वाजून ४२. बुडवली १० वाजून ४४. कुनी हात लावला न्हाई. शालन बंडगर.

"दावत हुता डाक्टर," ती म्हणाली. "म्या म्हनलं, मला नगं दावू. आधी बुडीव."

ताईंनी कागद वाचला. परत वाचला. डोळे भरून आले तसे त्यांनी ते पुसलेही नाहीत. बरणी उघडली; वास सणसणीत आला आणि दोघींच्याही डोळ्यांतून पाणी काढून गेला. सुरी सपकन आत गेली, काठापासून काठापर्यंत.

चौथ्या दिवशी निकाल लागला. काठ सगळीकडून मोकळे होते. पण ते पुढचं. त्या दुपारी ताईंनी फक्त फॉर्म उघडला, रिकाम्या चौकटीत बोट ठेवलं आणि कागदावर बघून, एकेक आकडा तपासून लिहिलं : दोन मिनिटं.